आप्पा आधीच येऊन गेले होते

गूढ अनुभवांच्या या पानावर मी आजवर फक्त वाचत आले. इथल्या कितीतरी गोष्टी वाचून मनात म्हटलं आहे, उगाच काहीतरी. माझ्याबद्दल तुम्ही तसं म्हणालात तर राग येणार नाही.

पण हे घडलेलं आहे. आणि यातला जो भाग सहज पटण्यासारखा आहे, तोच लिहिताना मला जड जातंय.

ठिकाण निपाणी, सदलगा आणि बोरगाव. गेल्या वर्षी शिमगा होऊन गेल्यानंतरचे दिवस. माझ्या गोष्टीत रात्र नाही. जे झालं ते भर दुपारी, लख्ख उन्हात.

दोन मुलींची आणि त्यांच्या घरच्यांची नावं बदलली आहेत. त्यांना विचारूनच लिहिते आहे. इथं एकीला रचना म्हणू, दुसरीला ऋतिका.

माझे वडील हरिभाऊ. सगळे त्यांना आप्पा म्हणत. निपाणीत त्यांचं वधूवर सूचक केंद्र होतं. केंद्र म्हणजे आमच्या घराची पुढची खोली, एक टेबल आणि एक लोखंडी कपाट. सीमेच्या दोन्ही अंगांची स्थळं त्यांच्याकडे येत.

त्या कपाटात नुसत्या पत्रिका आणि फोटो नव्हते. कुणाचं पहिलं लग्न मोडलंय, कुणाला फिट येते, कुणाचा भाऊ हिंडलग्याच्या जेलमध्ये आहे... लोक आप्पांना सगळं सांगत. कारण आप्पा ते पसरवत नसत. ज्याला सांगायलाच हवं, त्याला समोर बसून, तोंडी सांगत.

मुलीचा फोटो ते कुणाच्या हाती ठेवत नसत. दाखवायचा आणि परत घ्यायचा. एका पाहुण्यानं मोबाईल काढून फोटोचा फोटो घ्यायला बघितलं, तेव्हा आप्पा म्हणाले होते, "डोळ्यात मावतंय तेवढं न्या."

त्यांची आणखी एक सवय होती.

कुणाच्या घरी स्थळ घेऊन जाताना ते स्कूटरचं इंजिन बोळाच्या तोंडाशीच बंद करत. उरलेलं अंतर गाडी ढकलत जायचे. कुणाच्या दारात आप्पा आले, हे शेजारपाजारच्यांना कळू नये म्हणून. एखाद्या घरी ते पुन्हा पुन्हा गेले की लोक म्हणणार, पोरीचं जमत नाही वाटतं.

त्यामुळे मुली असलेल्या घरांना तो आवाज ठाऊक होता. गाडी लांबून येते... कोपऱ्यावर बंद पडते... आणि मग काहीच ऐकू येत नाही.

मी बेळगावात कॉलेजवर शिकवते. हिंडलग्याला राहते. आप्पांचं दुखणं वाढलं तेव्हा कपाटातले सगळे कागद मीच स्कॅन करून त्यांच्या फोनच्या खात्यावर चढवले. आईला ते कपाट सांभाळणं झेपणार नव्हतं. मला ते सोयीचं वाटलं. शहाणपणाचंही.

"ह्याला कुलूप कसलं?" आप्पांनी अंथरुणावरून विचारलं होतं.

"पासवर्ड असतो, आप्पा. तुमची जन्मतारीख ठेवलीय. लक्षात राहील."

"माझी जन्मतारीख अख्ख्या गावाला म्हाईत हाय की गं."

मी हसले होते.

माघात आप्पा गेले.

आमच्याकडे माणूस गेलं की चौकात फ्लेक्स लागतो. मोठा फोटो, भावपूर्ण श्रद्धांजली, जन्म अमुक, मृत्यू तमुक, खाली शोकाकुल म्हणून सगळ्या घराची नावं आणि संपर्कासाठी आप्पांचाच मोबाईल नंबर. आमचाही लागला. छापायच्या आधी मजकूर माझ्याकडे तपासायला आला. दोन अनुस्वार राहिले होते, ते मी घातले. बाकी सगळं बरोबर आहे, म्हणून कळवलं.

त्या फ्लेक्सचे फोटो गावोगावच्या ग्रुपवर फिरले.

उत्तरकार्याच्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना एक फोन आला. मराठीच बोलत होता. मला ताई म्हणाला. आप्पांनी त्याच्या बहिणीचं लग्न जमवलं होतं म्हणे. त्यांच्या आठवणीत एक व्हिडिओ करून सगळ्यांना पाठवायचा आहे, त्यासाठी आप्पांच्या फोनवर कोड येईल, तेवढा सांगा.

आप्पांचा फोन माझ्या पदराखाली होता. कोड आला. मी वाचून दाखवला. दुसरा आला. तोही वाचला.

मग मी त्याला धन्यवाद दिले आणि मला रडू आलं. तो म्हणाला, "काळजी घ्या, ताई."

त्या संध्याकाळी आप्पांच्या फोनवरचं व्हॉट्सॲप बंद पडलं. मला वाटलं, माणूस गेलं, की त्याच्या मागे एकेक गोष्ट अशी मिटत जात असेल. या विचारानं मला थोडं बरंही वाटलं होतं. हे लिहिताना कान गरम होतात.

पुढे शिमगा झाला. मी हिंडलग्याला परतले होते. एका संध्याकाळी पेपर तपासत बसले असताना सदलग्याहून जयाबाईंचा फोन आला. जयाबाई म्हणजे रचनाची आई. रचनाचं लग्न आप्पांनीच ठरवलं होतं, वैशाखात होणार होतं.

"ताई, आप्पांस्नी सांगा वो. त्ये आलते म्हणून लई बरं झालं."

मला वाटलं, जुनी गोष्ट सांगतायत. आप्पा गेल्याचं कळलं नसेल.

"कधी आले होते?" मी विचारलं.

"आज की. दुपारी."

हातातला लाल पेन मी हळूच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी सदलग्याला गेले. जयाबाईंनी चहा टाकला. रचना भिंतीला टेकून बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"गाडीचा आवाज आला आन् कोपऱ्यावर बंद झाला," जयाबाई सांगू लागल्या. "म्हटलं, आप्पाच. दुसरं कोण असं येतंय? बगतो तर दारात हुबं. आत या म्हटलं, न्हाय आले. उंबऱ्याच्या भायेरच. म्हणाले, रचना कुठं हाय? म्हटलं, आसंल परसात. तर म्हणाले, आदी बघून या."

"मग?"

"परसात कोण न्हाय. धुण्याच्या दगडावर हिचा फोन नुसता वाजतोय. आप्पा मागनं म्हणाले, नदीकडं जावा."

दूधगंगेच्या घाटावर, शेवटच्या पायरीवर त्यांना रचना सापडली. पायातल्या चपला काढून वरच्या पायरीवर नीट जोडून ठेवलेल्या.

"घेऊन आलो घरात. दारात बगतो तर आप्पा गेलेले. पानीबी न्हाय घेतलं माणसानं."

जयाबाई भांडी उचलून आत गेल्या, तेव्हा रचनानं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"ताई, आप्पा गेल्याचा मेसेज मला आला होता. लग्नाआधी अशुभ नको म्हणून आईला सांगितलं नव्हतं. आई घाटावर येऊन म्हणाली, आप्पांनी पाठवलंय मला... तेव्हा पाण्यात उतरायचं बळच उरलं नाही. नाहीतर मी उठले नसते."

"आता आईंना सांगितलंस?"

"कसं सांगू?"

मग तिनं फोन माझ्यापुढं केला.

आप्पांचा नंबर. आप्पांचा फोटो, फ्लेक्सवरचाच, भोवतीचा हार कापून घेतलेला. आणि खाली मेसेज...

रचनाचं एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं होतं. महिन्याभरात मोडलं. कोर्टाचा कागद आहे. आप्पांनी नव्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना हे समोर बसून सांगितलं होतं, त्यांनी मान्य केलं होतं. बाकी गावाला सांगायचं कारण नव्हतं. तो कागद मेसेजमध्ये होता. मी स्कॅन केलेला. कोपऱ्यात माझ्या अंगठ्याची सावली दिसत होती.

तो सासरच्या गावच्या ग्रुपवर टाकू, अशी धमकी होती. बदल्यात जे मागितलं होतं ते मी इथं लिहिणार नाही.

हे सगळं माझ्या वडिलांच्या हसऱ्या फोटोखाली.

त्याच दिवशी मी बेळगावला जाऊन तक्रार दिली. हवालदारांनी कोड कुणाला सांगितला, असं आधी कन्नडमध्ये आणि मग मराठीत विचारलं. मी आप्पांचा फोन टेबलावर ठेवला.

"टीचर आहात न्हवं?" ते म्हणाले.

"हो."

"बसा, मॅडम. पाणी घ्या."

खातं परत मिळालं. पासवर्ड बदलला, दुहेरी पडताळणी लावली, सगळे कागद तिथून उतरवले. पण हवालदारांनी स्पष्ट सांगितलं, "त्यांनी कॉपी काढली असणार. आता एकच उपाय. ज्यांचे कागद होते त्यांना सगळ्यांना सावध करा. फोनवर नको, फोनवर आता तुमचा कोण विश्वास धरणार? जाऊन सांगा."

म्हणून मी रजा काढून निपाणीला आले आणि घरोघरी फिरू लागले.

पहिलं घर मारुतीरावांचं. तंबाखूचे व्यापारी. वखारीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. तंबाखूच्या वासानं मला ठसका लागला. मी पाठ केलेलं बोलू लागले. आप्पांचं खातं हॅक झालं आहे, त्यांच्या नंबरवरून मेसेज आला तर...

"कोड सांगायचा न्हाय, लिंक उघडायची न्हाय, घाबरून काय द्यायचं न्हाय," मारुतीरावांनी माझं वाक्य पुरं केलं. "तुम्ही आज आला व्हय? तुमचा बा परवाच सांगून गेला. पोरीपेक्षा म्हातारा चलाख."

ते हसत होते. माघापासून ते खरेदीसाठी परगावी होते, नुकतेच परतलेले. आप्पा गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं.

मी नमस्कार केला आणि निघाले.

दुसऱ्या घरी एका सुनेनं दार उघडलं. तिला माहीत होतं. आप्पांच्या दिवसाला ती आली होती. माझं बोलणं तिनं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाली, "ताई, आमच्या सासूबाईंना चार दिवसांपूर्वी कुणीतरी येऊन हे सांगून गेलंय. कोण, ते सांगत नाहीत. तेव्हापासून दुपारी दाराला कडी लावून बसतात."

आणि तिनंही कडी लावली.

तिसरं घर. चौथं घर. मग मी मोजणं सोडलं.

सगळीकडे तेच. गाडी कोपऱ्यावर बंद झाली... मग काहीच आवाज नाही... मग दारात आप्पा. आत आले नाहीत. पाणी घेतलं नाही. एवढंच सांगितलं आणि गेले.

स्कूटर माझ्या मामानं नेली होती. कोगनोळीत, त्याच्या गोठ्यात पोत्याखाली होती. मी फोन करून विचारलं. मामा म्हणाला, "हाय की हितंच. का गं?"

"काही नाही," मी म्हटलं.

दुपारी घरी आले. आई पुढच्या खोलीत धान्य निवडत बसली होती. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. तिनं सुपातून मान वर केली नाही.

"कुठवर झालं?"

"अर्धी घरं झाली."

"आणि काय सांगतीस लोकांस्नी?"

"आप्पांचं खातं हॅक झालं म्हणून."

"आप्पांचं," आई म्हणाली.

सुपात खडा वाजला. तिनं तो वेचून बाजूला टाकला.

"आई, तुला काही..."

"रोज दुपारी गाडी बंद झाल्याली ऐकू येती मला. बोळाच्या तोंडाला. मी दार उघडून ठेवतो. हितंवर येत न्हाईत. तू घरात असलीस की न्हाईतच येत."

"माझ्यावर रागावलेत?"

"राग कसला? राग असता तर घरात येऊन चार शब्द बोलले असते." तिनं सूप खाली ठेवलं. "मरून गेलेल्या माणसाला उन्हातान्हात दारोदार पळवतीस, आन् वर सांगतीस, त्यांच्याकडनं गेलं म्हणून. त्ये कसे येतील तुझ्यापुढं? तुलाच जड होईल म्हणून येत नसतील."

एवढं बोलून ती पुन्हा निवडायला लागली.

मी खूप वाचलं आहे. अशा वेळी माणसं काय बोलतात, ते मला पुष्कळ ठिकाणचं ठाऊक आहे. मला त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी बोरगावला गेले. तिथं ऋतिकाचं घर होतं. तिचं स्थळ आप्पांकडे होतं आणि तिच्या आजाराचे कागदही. ऊन रणरणत होतं. बोळात चिटपाखरू नव्हतं. ऋतिकाच्या आईनं दार उघडलं. मी पायरीखाली उभी.

मी वाट बघितली. ती म्हणेल, आप्पा येऊन गेले की.

ती म्हणाली, "कोण आपण?"

"मी विनोदिनी. हरिभाऊंची मुलगी. आप्पा... कुणी आलं होतं का तुमच्याकडे? सांगायला?"

"न्हाय वो. काय सांगायला?"

इथं कुणीच आलं नव्हतं.

मला वाटलं होतं, अशा घरी आल्यावर जिवाला बरं वाटेल. तसं झालं नाही. पाठ केलेलं सगळं मी बोलून दाखवलं. तिचा चेहरा पालटत गेला.

"म्हंजे आमच्या ऋतिकाचं सगळं... दवाखान्याचंबी?"

"हो."

"आप्पांनी दिलं व्हय कुणाला?" तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. ते जास्त लागलं. "आप्पा तसले न्हाईत वो. आम्ही तर घरच्यांस्नी बी सांगितलं न्हवतं. त्यांनी कसं दिलं?"

खातं हॅक झालं... हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. इतक्या घरी ते बोलून झालं होतं. ते वाक्य असं आहे की त्यात कुणीच काही केलेलं नसतं.

"आप्पांनी नाही दिलं," मी म्हटलं. "मी दिलं. कागद फोनवर मी चढवले. पासवर्ड मी ठेवला. अनोळखी माणसाला कोड मी वाचून दाखवला. आप्पांचा यात काही दोष नाही. त्यांनी आधीच हटकलं होतं."

तिनं दाराची चौकट धरली.

बोळ शांत होता. 

मग तिची नजर माझ्या चेहऱ्यावरून सरकली. माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथंच थांबली. ती थोडी बाजूला झाली. पदर सारखा केला.

"असू दे, पोरगी हाय," ती म्हणाली. पण माझ्याशी नाही. "तुम्ही कशाला उन्हात हुबं ऱ्हायलाय? दोघं आत या की."

माझ्या मानेवर ऊन होतं.

आणि मग नव्हतं... कुणीतरी मागे येऊन उभं राहिल्यावर सावली पडते, तसं.

मी वळून पाहिलं नाही.

तुम्ही म्हणाल, घाबरली. घाबरले होतेच. पण मला ज्यांचं तोंड बघायचं होतं, त्यांना माझं तोंड दाखवायचं धैर्य मला झालं नाही. मी पायरीकडे बघत उभी राहिले. थोड्या वेळानं मानेवर पुन्हा ऊन आलं.

त्या बाईंनी मला पाणी दिलं. आणखी काही विचारलं नाही. मीही नाही.

रचनानं सगळं आपल्या होणाऱ्या नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "टाकू देत ग्रुपवर. आमच्या घरात सगळ्यांस्नी म्हाईत हाय." लग्न झालं. कागद अजून तरी कुठं आलेला नाही. उद्या येणार नाही, असं कुणी सांगू शकत नाही. बाकीच्या घरांबद्दलही नाही. ते सगळे कागद कुठल्यातरी परक्या माणसाकडे आहेत आणि तसेच राहणार आहेत. माणूस मेलं तरी ते मरत नाहीत.

सीमेपलीकडची घरं अजून राहिली आहेत. सुट्टी मिळाली की मी जाते. आईनं दुपारी दार उघडं ठेवणं बंद केलंय. ती म्हणते, बोळात आता गाडी येत नाही.

आता आप्पा माझ्या आधी कुठंच गेलेले नसतात.

प्रत्येक दारात मी पहिलं वाक्य तेच बोलते. मी दिलं. काही जण चिडतात. एकानं दार लावून घेतलं. पण बहुतेक जण ऐकून घेतात, आणि ऐकता ऐकता त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे जाते...

काही जण हात जोडतात.

कुणाला, ते मी विचारत नाही. मागे वळून अजूनही पाहिलेलं नाही.